बॅटरी मेली की इंजिन बंद? अहो, कुठल्या इंजिनाबद्दल बोलताय

परत तो मेसेज फिरतोय, "घरी बांधलेल्या विमानात इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे आत्महत्या, बॅटरी गेली की इंजिन बंद, मॅग्नेटो मात्र कधीच दगा देत नाही, आणि हे सर्टिफाइड नाहीच." चार वाक्यं आणि चारही अर्धवट. (इग्निशन म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारी यंत्रणा; मॅग्नेटो हा तिचा जुना प्रकार, इंजिन फिरलं की बॅटरीशिवाय स्वतःच वीज बनवतो.)

आधी बॅटरीचं. सगळ्यात जास्त घरगुती विमानांत बसतं त्यातलं एक इंजिन म्हणजे रोटॅक्स 912, त्याच्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलमध्ये मॅग्नेटो नाहीच, दोन वेगवेगळी सीडीआय (कपॅसिटरमधली वीज सोडून ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक) युनिट्स आहेत आणि त्यांना वीज इंजिनाच्याच मागच्या जनरेटरच्या कॉइलमधून मिळते, बॅटरी काढून फेकली तरी चालू इंजिन चालूच राहतं. आपल्या एनसीसीच्या पोरांना ज्या पिपिस्ट्रेल व्हायरस नावाच्या विमानात उडवतात त्यातही हेच 912 आहे, मग तेही आत्महत्या करतायत का? लायकमिंग कंपनीच्या विमान-इंजिनांवर बसणाऱ्या पी-मॅग या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचंही तसंच, स्टार्ट करायला बॅटरी लागते पण आरपीएम वाढले की तो आतल्या अल्टरनेटरवर स्वतःचं भागवतो.

हां, काही सिस्टीम पूर्ण बॅटरीवरच चालतात, हे खरं. अशी दोन युनिट एकाच बॅटरीला, एकाच वायरला लावून ठेवली तर मेसेजवाला बरोबर ठरेल. म्हणून तर लोक दुसरी छोटी बॅटरी टाकतात किंवा एका बाजूला मॅग्नेटो तसाच ठेवतात. चूक वायरिंगची आणि शिव्या इग्निशनला.

मॅग्नेटो दगा देत नाही म्हणे! आतले पॉइंट (उघडझाप करणारे विजेचे संपर्क) झिजतात, आतला डिस्ट्रिब्युटर गिअर जातो, म्हणून तर 500 तासांनी उघडून बघायला सांगतात. आणि पी-लीड, म्हणजे मॅग्नेटो बंद करणारी वायर, तुटली तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, हाताने प्रोपेलर फिरवला आणि इंजिनाने झटका दिला की हात गेला समजा. हे मेसेजमध्ये नाही, सोयीचं नाही ना.

सर्टिफाइडचं एका ओळीत, इलेक्ट्रोएअर आणि शुअरफ्लायच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला एफएएची (अमेरिकेचं विमान नियामक) एसटीसी, म्हणजे सर्टिफाइड विमानात बसवायची मंजुरी आहे. बास.

उलट दुसऱ्या टोकाचे पण नमुने असतात, "लावा आणि पेट्रोल निम्मं वाचवा" वाले. तसं काही होत नाही हो. मॅग्नेटोचा टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, फिक्स, लायकमिंगवर बऱ्याचदा पिस्टन वर पोचायच्या 25 डिग्री आधी. वर 8-9 हजार फुटांवर हवा विरळ, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) कमी, मिश्रण हळू जळतं, तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन ठिणगी लवकर पाडतं त्याचा फायदा होतो, पण खाली फुल थ्रॉटलला टेकऑफ करताना जवळपास काहीच नाही. आणि अ‍ॅडव्हान्स जास्त दिला, म्हणजे ठिणगी फारच लवकर पाडली, की सिलिंडर हेडचं तापमान चढतं, तेव्हा टायमिंगचा कर्व्ह निवडताना हावरटपणा नको, गेजवर लक्ष ठेवा.