शनिवारच्या भाकरीवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मिरजेत दर शनिवारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी आमची मंडळी भाकरी नेते, त्याला माणसं हवीत, चर्चबाहेरचीही चालतील, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, भाकरीच्या आडून धर्म वाढायचा हा जुना प्रकार आहे; कर्नाटकात अथणीला लहानपणी तुम्ही तो पाहिलाय. आणि एवढी कळकळ असेल तर आधी स्वतःच्या चर्चमधली माणसं न्या. दोन्ही बोल मला लागले, कारण दोन्हीत तथ्य आहे.

आम्ही सुरुवात केली त्या वर्षी एका दवाखान्यात आमच्यातल्या एकाने न विचारता खाटेशी उभं राहून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. खाटेवर जतकडची एक बाई होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिची सून आमचीच भाकरी हातात घेऊन उभी. खावी की परत द्यावी, तिला कळेना. मी दारातच होतो, पण गप्प राहिलो. त्याची लाज आजही वाटते. त्याच संध्याकाळी पाळकांसमोर बसून ठरलं: चर्चचे आहोत हे आधीच सांगायचं, पत्रकं न्यायची नाहीत, कुणी मागितली तरच प्रार्थना, तीही हळू आवाजात. येशूची सुवार्ता लोकांना कळावी असं मला मनापासून वाटतं, ते मी लपवणार नाही. प्रचाराचा हक्क घटनेच्या 25व्या कलमाने मला दिलाय. पण ज्याला खाटेवरून उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे मी तो वापरणार नाही.

आता आमच्या माणसांचं. नाताळला चर्चमध्ये बसायला जागा नसते आणि शनिवारी आम्ही सहा जण असतो. उपासनेनंतर 'सेवेसाठी पुढे या' असं वर्षभर सांगून पाहिलं, एकही आलं नाही. मग एका मावशींच्या घरी जाऊन विचारलं, शनिवारी वीस भाकऱ्या थापाल का? त्या आजही थापतात. तेव्हापासून मी नुसतं 'या' म्हणत नाही, काय करायचं आणि किती वेळ, तेही सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट), तेव्हा कुणाला बोलवावं लागलं नव्हतं. आमच्या गल्लीत कोण कुठल्या देवाचा, हे कुणी विचारलंही नाही. साध्या शनिवारी मात्र दारात जाऊन विचारावंच लागतं.

डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले ते मिशनरी म्हणूनच, आणि 1894 मध्ये त्यांचा मिरजेतला दवाखाना सुरू झाला. कर्नाटकातून पेशंट मिरजेला आणायची रीत तिथूनच पडली. आजही ते येतात, आणि आमची खरी अडचण भाकरीची नाही, भाषेची आहे. डॉक्टर काय म्हणाले, औषध कुठल्या खिडकीवर मिळतं, एवढं कळावं म्हणून म्हातारी माणसं आमच्या तोंडाकडे बघत बसतात. आम्हा सहांपैकी एकालाही कन्नड येत नाही.

तुम्हाला येतं. शनिवारी पाच ते सात याल का? कुणी प्रार्थना मागितली तर तुम्ही बाहेर थांबा. आणि आमच्यातलं कुणी चुकलं, तर मी दारात गप्प राहिलो तसे राहू नका, तिथेच टोका.