सातबारा तुझा, मोबाईल नंबर त्यांचा

परवा भावकीच्या ग्रुपवर धाकट्या चुलतभावानं एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘दादा, खोडवा मोडावा म्हणतोय.’ कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठाला त्याचा दोन एकर ऊस आहे; खोडवा म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस. मेसेज तुम्हालाही आला असेलच. सरकारनं औद्योगिक भांग, म्हणजे हेम्प, खुली केली. तिचं बी आणि पानं कायद्यात बसतच नाहीत. हेम्प म्हणजे आपला जुना तागच. पाणी नको, खत नको. एकरी दहा लाख. पंचवीस हजार वस्तू बनतात. कॅन्सर बरा होतो. इंग्रजांनी मुद्दाम बंद पाडली होती. आणि शेवटी बियाण्याच्या बुकिंगला एक मोबाईल नंबर. एकरी दहा लाख सुटत असते तर हा नंबरवाला बी कशाला विकत बसला असता? अख्खं कागल खंडानं घेऊन स्वतःच पेरलं असतं की.

आधी तागाचं बघू, कारण आमचा गडी तिथंच फसला. ‘दादा, ताग तर आपण दरसाल गाडतोय.’ गाडतोच. पण उसाआधी हिरवळीचं खत म्हणून पेरतो तो ताग पिवळ्या फुलांचा, शेंगा धरणारा, हरभऱ्या-तुरीच्या कुळातला. इंग्रजीत त्याला ‘सन हेम्प’ म्हणतात, एवढंच काय ते नातं. अंबाडीलाही ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात; म्हणून अंबाडीची भाजी खाऊन कुणाला नशा चढलेली ऐकलीय?

आता कायदा. इथं मी शांत राहू शकत नाही, कारण मेसेजमधलं हे एकच वाक्य माणसाला आत घालणारं आहे, आणि ते अर्धं खरं आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, कलम 2 मध्ये गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यातले किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं त्यातून वगळलेली आहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं इथवर वाचलं आणि कागद मिटला. पुढं कलम 8 आहे. त्यात लागवडीला बंदी आहे ती ‘कुठल्याही कॅनाबिस झाडाच्या’, आणि कॅनाबिस झाड म्हणजे भांग-गांजाच्या वंशातलं कुठलंही झाड, हेही त्याच कलम 2 मध्ये लिहिलंय. नशेचा अंश कमी असला तर चालेल, अशी टक्केवारीची रेघ या कायद्यात कुठंच ओढलेली नाही. तुझं बी हेम्पचं का गांजाचं, हा प्रश्न नंतरचा. झाड उभं आहे आणि परवाना नाही, एवढ्यावर कलम 20 लागतं: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड.

‘मला कंपनीनं सांगितलं’ हे तिथं सहज चालत नाही. कलम 35 प्रमाणं कोर्ट आधी धरून चालतं की तुला माहीत होतं. माहीत नव्हतं हे तू सिद्ध करायचं. कलम 47 प्रमाणं सरपंच, पंच आणि गावच्या अधिकाऱ्यांना अशी लागवड कळली की लगेच वर्दी द्यावी लागते. म्हणजे रोज पारावर तुझ्यासोबत चहा पिणाराच तुझं नाव कळवणार, आणि त्याचं चुकणारही नाही. सातबारा तुझा आहे. त्या मोबाईल नंबरला ना गट नंबर, ना शिवार.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजानं. याच कायद्याच्या कलम 14 मध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय आहे. उत्तराखंडनं 2018 मध्ये ती वापरली, 0.3 टक्के टीएचसीच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या अंशाच्या, मर्यादेसह. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2021 मध्ये भांगेचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाण्यात चालेल असंही म्हटलं. पण ‘देऊ शकतं’ म्हणजे ‘दिली’ नव्हे, आणि उत्तराखंडचा परवाना कागलच्या शिवारात चालत नाही. मेसेजात महाराष्ट्राच्या आदेशाचा ना क्रमांक, ना तारीख. खोडव्याला नांगर लावायच्या आधी तेवढा कागद तरी माग.

उद्या परवानगी मिळालीच तरी दहा लाख कुठून येणार? हे झाड दिवस लहान झाला की फुलावर येतं. आपल्याकडं सगळ्यात मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडाच वर. युरोपातल्या लांब दिवसांचं बी इथं पेरलं तर गुडघ्या-मांडीएवढं असतानाच फुलेल. वाख, म्हणजे सालीचा धागा, निघणार कुठून? निघालाच तर तो सडवायचा, सोलायचा, मऊ करायचा. इचलकरंजीचे माग सुतावर चालतात, वाखावर नव्हे. अमेरिकेनं 2018 च्या शेवटी हेम्प मोकळी केली, 2019 मध्ये जो तो पेरत सुटला आणि भाव कोसळले. आपण कारखान्यांना शिव्या घालतो, बिल 14 दिवसांत येत नाही म्हणून भांडतो, पण उसाला न्यायला निदान कुणीतरी येतं.

पाणी कापसापेक्षा कमी लागतं, हे ठीक. खत नको, हे धादांत खोटं. पंचवीस हजार वस्तूंचा आकडा फेब्रुवारी 1938 च्या एका अमेरिकी मासिकातला आहे. कॅन्सरचं बोलायचीही लाज वाटते. घरात पेशंट असलेल्यांना असलं काही पाठवू नका. आणि इंग्रजांनी 1893-94 मध्ये यावर आयोग नेमला होता. त्यानं सरसकट बंदी नकोच म्हटलं. कर मिळत होता, ते कशाला सोडतील? बंदीचा कायदा आपल्याच संसदेचा आहे.

भावाला एवढंच कळवलंय: खोडवा राहू दे. तो तुटल्यावर ताग पेर, पिवळ्या फुलांचा. फुलोऱ्यात आला की गाड. त्याला परवाना लागत नाही, बुकिंगही.