एथेलफ्लेडवरचा तो फॉरवर्ड: तलवार, विष आणि बाकीचं

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मर्सियाची, म्हणजे आजच्या इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या जुन्या राज्याची, दहाव्या शतकातली एथेलफ्लेड म्हणे इंग्लंडची पहिली राणी, तिने स्वतःच्या तलवारीने शेकडो व्हायकिंग कापले, मुलगी झाल्यावर ब्रह्मचर्याची शपथ घेतली, सख्ख्या भावाने तिला विष घातलं आणि पुरुषांनी तिचं नाव हजार वर्षं दडपलं. मी सोडून दिलं असतं, पण दहावीतल्या माझ्या भाचीने हा मजकूर जसाच्या तसा शाळेच्या भाषणात घेतला, म्हणून आता लिहितेच.

आधी तलवार, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या तलवारीच्या गोष्टीने केलंय. एथेलफ्लेड स्वतः रणात उतरून लढली असं तिच्या काळातला एकही कागद म्हणत नाही. आणि कागद नाहीतच असं अजिबात नाही! अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे जुन्या इंग्लंडची वर्षवार बखर, तिच्या काही हस्तलिखितांत एक छोटी वेगळी बखर मिसळलेली आहे, तिला मर्सियन रजिस्टर म्हणतात, त्यात ९०२ ते ९२४ च्या नोंदी आहेत आणि बऱ्याचशा हिच्याचबद्दल आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढी पानं वाचली असती तरी पुरे होतं. नवरा एथेलरेड ९११ मध्ये गेला आणि मर्सियाचा कारभार हिच्या एकटीच्या हातात आला. मग ९१२ ला ब्रिजनॉर्थ, ९१३ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला टॅमवर्थ आणि ऑगस्ट लागायच्या आत स्टॅफर्ड, ९१४ ला एडिसबरी आणि वॉरिक, ९१५ ला रनकॉर्न, असं करत ९१० पासून मोजली तर तटबंदीची १० ठिकाणं तिने उभी केली. दक्षिणेकडून भाऊ एडवर्ड, शेजारच्या वेसेक्स राज्याचा राजा, हेच करत होता आणि दोघांनी मिळून डेन लोकांना, म्हणजे तिथे वसलेल्या व्हायकिंगांना, आवळत आणलं. तट म्हणजे नुसती मातीची भिंत नाही, त्यावर माणसं लागतात, पैसा लागतो, आत बाजार लागतो. नवरा असताना दोघांनी मिळून वूस्टरला तट बांधला त्याचा दस्तऐवज आहे, त्यात बाजारातल्या आणि रस्त्यावरच्या वसुलीतला आपला अर्धा वाटा चर्चला द्यायचं लिहिलंय, बिशप वेअरफर्थच्या शब्दाखातर. राज्य असं चालतं.

आणि लढाया? ९१६ च्या जूनमध्ये एग्बर्ट नावाच्या मठाधिपतीला त्याच्या सोबत्यांसकट मारलं, तर तिसऱ्या दिवशी हिचं सैन्य वेल्समध्ये घुसलं आणि तिथल्या राजाची बायको धरून ३४ जणांना उचलून आणलं. रजिस्टर म्हणतं तिने सैन्य पाठवलं. पुढच्या वर्षी डर्बी घेतलं, तेव्हा वेशीच्या आत तिचे चार सरदार पडले, आणि ते तिच्या जिवाभावाचे होते हे लिहायला लिहिणारा विसरलेला नाही. तीन दिवसांत फौज हलवणारी बाई तुम्हाला कमी वाटते का? तिचा बाप, वेसेक्सचा राजा आल्फ्रेड, याने स्वतःच्या हाताने किती मारले हे कोणी विचारत नाही, त्याच्या मुलीने मात्र मुंडकी उडवल्याशिवाय ती मोठी ठरत नाही, हा कुठला न्याय? भाचीला मोठेपण म्हणजे फक्त तलवार असं शिकवायचं असेल तर माझी तयारी नाही.

विषाचं तर शुद्ध थोतांड. १२ जून ९१८ ला ती टॅमवर्थला वारली. एडवर्ड तेव्हा स्टॅमफर्डला होता, नदीच्या दक्षिणेला किल्ला बांधून घेत. त्या काळातल्या कुठल्याच नोंदीत विषाचा उल्लेख नाही. हजार वर्षांपूर्वीचा माणूस झाला म्हणून त्याच्यावर बहिणीच्या खुनाचा आळ घ्यायचा?

ब्रह्मचर्याची गोष्ट विल्यम ऑफ माम्सबरी या इतिहासकाराने लिहिली, तीही बाराव्या शतकात, सुमारे २०० वर्षांनी. तिला तेवढंच वजन द्या. पहिली राणीही नाही, कारण तिच्या हयातीत एकसंध इंग्लंडच नव्हतं, ते तिच्या पुतण्याने, ॲथेलस्टनने, ९२७ मध्ये जुळवलं. हां, आयर्लंड आणि वेल्सच्या बखरी तिच्या मृत्यूची नोंद करताना तिला राणी म्हणतात, तेवढं मान्य.

नाव दडपलं, यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. वेसेक्सच्या बाजूची बखर हिच्या कामाबद्दल जवळजवळ गप्प आहे, एडवर्डची बहीण टॅमवर्थला वारली, मग तो तिथे गेला आणि मर्सियाचे लोक त्याला शरण आले, एवढंच. पण "पुरुषांनी हजार वर्षं" कसं म्हणता? मर्सियात कोणीतरी वर्षावर्षाने लिहून ठेवलंच होतं, आणि बाराव्या शतकात विल्यम आणि हेन्री ऑफ हंटिंग्डन हे दोघेही इतिहासकार तिचं कौतुक करतात.

खरा अन्याय शोधायचा तर तो तिच्या मुलीवर झाला. एथेलफ्लेडनंतर मर्सियाची सत्ता एल्फविनकडे गेली होती. रजिस्टर सांगतं की नाताळच्या तीन आठवडे आधी तिचे सगळे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. एडवर्डवर आरोप करायचाच असेल तर हा करा, याला लेखी पुरावा आहे. एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये एल्फविनचं नाव एकदाही नाही.