एकांत हवाय ना? मग लोकेशन टाका की

डोंगरात खूप वर, तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये निळाशार तलाव आणि आसपास चिटपाखरू नाही, अशा ठिकाणी जायचं तुमच्या मनात आलंय म्हटल्यावर थोडं मार्गदर्शन करणं भागच आहे. कारण हल्ली लोक भलतीच तयारी करून जातात, नकाशा काय, हवामानाचा अंदाज काय, मग सगळं सुरळीत पार पडतं आणि खाली येऊन सांगायला काहीच उरत नाही.

तलाव निवडायची पद्धत सोपी आहे. जिथं कोणीच जात नाही असा तलाव, जो तुम्ही लाखो लाईक्स पडलेल्या रीलमध्ये बघितलाय. रीलखाली लिहिलेलं असतं 'फक्त ७ किमी', झालं, अजून काय पाहिजे. आता नेस्मिथ म्हणून एक स्कॉटिश गिर्यारोहक होता, त्याने १८९२ मध्येच हिशोब मांडून ठेवलाय की ५ किलोमीटरला एक तास धरा आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, म्हणजे ७ किमी अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळजवळ तीन तास, तेही धडधाकट माणसाला, न थांबता, आणि फक्त जायचे. पण बिचाऱ्याकडे फोन नव्हता. तुम्ही दीड तास धरा आणि अकराला निघा. पहाटे कशाला उठायचं, सुट्टीवर आलाय ना? ऊन चढलं की उतार तापतात, गरम हवा वर सरकते, दुपारपर्यंत ढग जमतात आणि बऱ्याचदा गडगडाट सुरू होतो, त्यामुळे अकराला निघालेला माणूस बरोबर विजा चमकायच्या वेळेला झाडांची हद्द ओलांडून उघड्यावर पोचतो. तिथं सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. एरवी एवढा मान कुठे मिळतो?

बूट नवेच घाला, बॉक्समधून थेट पायात. पहिल्या किलोमीटरला टाच जराशी गरम लागेल, तेव्हा थांबून टेप-बिप लावायची नाही, ग्रुप पुढे जातो. तिसऱ्या किलोमीटरला मोजा ओलसर वाटायला लागेल. वर पोचून बूट काढाल तेव्हा मोजा टाचेला चिकटलेला असेल, आणि तो ओढला की नाण्याएवढं कातडं सोबत येईल. तेव्हा आठवतं की अजून उतरायचंय. मोजे सुती, टीशर्ट सुती, कारण सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही, आणि वर जाताना दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, त्यात वारा सुटला की अंगावर ओला टीशर्ट असल्याची मजा काही औरच. जॅकेट गाडीतच राहू द्या, उगाच ओझं. स्पीकर मात्र विसरू नका.

विरळ हवेबद्दल फार ऐकून घ्याल. २५०० मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो, ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, ३००० च्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, वगैरे वगैरे. हे डॉक्टर लोक कधी रील करतात का? उंचीचा त्रास मोजायला एक पद्धतसुद्धा आहे, कॅनडातल्या अशाच एका देखण्या तलावाच्या नावाने, लेक लुईस स्कोर. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि २०१८ च्या सुधारित नियमाप्रमाणे डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा वर गेली तर तुम्हाला उंची लागली असं समजायचं. तुम्ही मात्र नऊ-दहा मिळवा आणि मेरिटमध्ये या. सोबतचा कोणी तोल जाऊन लडखडायला लागला, असंबद्ध बोलायला लागला किंवा बसल्या जागी धापा टाकायला लागला तर त्याचा व्हिडिओ काढा, ग्रुपवर हशा पिकेल. खरं तर मेंदूला सूज आलेली असू शकते किंवा फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं असू शकतं, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणं. पण तलाव आता समोरच्या चढापलीकडेच आहे हो!

शेवटी एकदाचा तलाव येतो, आणि तो रीलमधल्यासारखा दिसत नाही. इथे संताप व्हायलाच पाहिजे. तो फिरोजी रंग येतो कसा, तर हिमनदी खडक दळत असते, त्या दगडाचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड पडला की निळा-हिरवा रंग उसळतो. म्हणजे वर बर्फ वितळून पाणी यायला हवं, ऊनही हवं. तुम्ही सीझनच्या सुरुवातीला, ढगाळ दुपारी चार वाजता पोचलात तर करड्या रंगाचा, निम्मा गोठलेला डबका मिळणार. लगेच एक स्टार द्या. रेंज असेल तर.

आणि उडी मारा. वितळलेल्या बर्फाचं पाणी, शून्याच्या चार-पाच अंश वर, त्यात हळूहळू उतरणारे लोक मला तरी भित्रे वाटतात. उडी मारली की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जातं, आणि त्यातून वाचलात तर पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद जायला लागते. शेवाळाला साबण आणि सनस्क्रीनची चव चाखायला मिळते तो वेगळा फायदा. सनस्क्रीन चेहऱ्यावर नकोच, थंडीत ऊन लागतं थोडंच? उंचीवर अतिनील किरणं वाढत जातात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणजे नाकपुड्यांच्या आतूनसुद्धा भाजून निघता येतं. एवढा एकसारखा टॅन पैसे देऊन मिळत नाही.

तहान लागली तर ओंजळीने थेट प्या, निसर्गाचं मिनरल वॉटर. जिआर्डिया नावाचा एक जंतू थंड पाण्यात आरामात टिकतो, पण तो सभ्य आहे, जुलाब एक-दोन आठवड्यांनी सुरू होतात, तोपर्यंत तुम्ही ऑफिसात असता आणि दोष कँटीनवर जातो. तो पाण्यात आला कसा हे विचारू नका. त्या कामासाठी पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जा, वीतभर खोल खड्डा खणा असं सांगतात, पण खणायला फावडं कोण नेतं, म्हणून तुम्ही मोठ्या दगडामागे बसा आणि वेट वाइप दगडाखाली सरकवून द्या. त्या बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, वरच्या थंडीत साधा कागदही लवकर कुजत नाही, त्यामुळे पुढच्या सीझनला तुमचा वाइप तिथेच, दगडाखालून एक पांढरं टोक बाहेर काढून फडफडत असेल. काठाला तसे बरेच दगड असतात आणि बऱ्याच दगडांना टोकं असतात.

तंबू पाण्याला खेटून लावा, हिरव्या उशीसारखं काहीतरी मऊ दिसेल नेमकं त्याच्यावर. ती झाडंच असतात, जमिनीला चिकटून वाढणारी, आणि तळहाताएवढं व्हायला त्यांना काही दशकं लागू शकतात. गादी तयारच आहे, मॅट कशाला न्यायची?

आता मुख्य काम. फोटो टाकताना 'हिडन जेम' लिहा, 'शांतता' लिहा, आणि अचूक लोकेशन टाका, पार्किंगसकट. उत्साह दाखवला तर काय होतं बघा. अमेरिकेतल्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात डेल्टा लेक नावाचा असाच एक आडवाटेचा तलाव होता, त्याची एवढी लोकेशन्स पडली की २०१८ मध्ये तिथल्या जॅक्सन होल भागाच्या पर्यटन मंडळालाच, म्हणजे ज्यांचं काम लोकांना बोलवायचं त्यांनाच, हात जोडून सांगावं लागलं की बाबांनो जिओटॅग करू नका. कॅनडातल्या मोरेन लेकला २०२३ पासून स्वतःची गाडी घेऊन जाताच येत नाही. आपल्याकडे रूपकुंड तलावाच्या वाटेवरची बुग्याळं, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, तिथे रात्री तंबू टाकायला उत्तराखंडच्या हायकोर्टाने २०१८ मध्ये बंदी घातली. तलावाची दखल थेट हायकोर्टापर्यंत पोचवणं ही काही छोटी कामगिरी नाही, तीही एकट्यादुकट्याची नाही, प्रत्येकाने आपापला वाटा उचललाय.

दोन वर्षांनी परत जा. वाटेवर रांग असेल, तीन स्पीकरवर तीन गाणी असतील, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला आवर्जून सांगा की आम्ही आलो होतो तेव्हा इथे कुत्रं नव्हतं, हल्ली कोणीही उठतं आणि येतं. काठाला एक दोरी बांधलेली असेल आणि 'गवत उगवू द्या, आत पाऊल टाकू नये' अशी पाटी. दोरी जेमतेम गुडघ्याएवढी असते आणि फोटो आतूनच चांगला येतो.