आल्प्सला निघालात? कांदा घेतला का?

भुसावळात पारा 45 च्या वर गेला, कूलर गरम वाफा फेकायला लागला आणि शेजाऱ्यांनी मनालीच्या बर्फात लोळतानाचे फोटो टाकले, की समजायचं, आपली आल्प्सला जायची वेळ झाली. शेजारी मनालीला गेलेत म्हटल्यावर तुम्ही तोरणमाळला जाऊन कसं चालेल? तिथे सातपुडा आहे, तलाव आहे, संध्याकाळचा गार वारा आहे. पण गल्लीत सांगण्यासारखं त्यात काय आहे, भाऊ?

तारीख ठरवताना शाळेच्या सुट्ट्या बघा, डोंगराचं वेळापत्रक नको. आल्प्समधला स्कीचा हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होतो आणि एप्रिल सरता सरता बहुतेक गावांच्या उतारावर नेणाऱ्या लिफ्ट बंद होतात. म्हणजे मे महिना उत्तम. गर्दी नाही, हॉटेल स्वस्त आणि उतारावर बर्फाऐवजी गवत. एजंट स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटचं नाव घेईल, तिथे हिमनदीवर बारमाही स्कीइंग चालतं म्हणेल. ते खरं आहे. फक्त केबल कार तुम्हाला 3883 मीटरवर सोडते, तिथे बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते, हे तो पैसे भरल्यावर सांगेल.

जानेवारीचं तर नावच काढू नका. पारा 10 च्या खाली उतरला की केळीची वाढ खुंटते, म्हणून आपण रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो आणि त्याच शेकोटीला स्वतः चिकटून बसतो. उणे 15 मध्ये आपल्याला कोण धूर करणार?

व्हिसासाठी बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. त्यासाठी मेव्हण्याकडून चार लाख उसने आणा आणि अर्जाच्या आदल्या दिवशी एकरकमी भरा. तीन महिने खात्यात अकरा हजार आणि एका रात्रीत चार लाख, हे बघून साहेबाला तुमच्या कर्तबगारीबद्दल आदरच वाटेल. 90 युरो फी मात्र परत मिळत नाही.

आता भाड्याच्या बुटांचं दुकान. इथे नीट लक्ष द्या. काउंटरवरचा पोरगा उंची, वय आणि वजन विचारेल. घरच्यांसमोर खरं वजन सांगायची गरज नाही, लग्नाच्या बायोडाटात लिहिलेलं सांगा. त्यावरूनच तो स्क्रूड्रायव्हरने स्कीची पकड घट्ट-सैल करतो. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा आणि पाय पिळवटू नये, यासाठी ती असते. वजन कमी सांगितलंत तर ती दर वळणाला सुटेल. मग तो विचारेल, शिकाऊ की पटाईत? पटाईतच सांगा, मेव्हणा शेजारी उभा आहे. पटाईतांची पकड जास्त घट्ट ठेवतात, म्हणजे नको तेव्हा सुटत नाही आणि हवी तेव्हाही सुटत नाही. दोन्ही थापा एकदम मारल्यात तर हिशेब बरोबर जुळण्याचीही शक्यता आहे, तेवढा भरवसा देवावर ठेवावा.

कपडे म्हणाल तर जीन्स घाला. आपण कपाशीवाले, पांढऱ्या सोन्याचा अभिमान नको का? कापूस वितळलेला बर्फ मनसोक्त पितो आणि लिफ्टवर वारा लागला की पत्र्यासारखा कडक होतो. गॉगल आणि सनक्रीमवर पैसे घालवू नका. भुसावळच्या उन्हात वाढलेल्या माणसाला स्वित्झर्लंडचं ऊन काय करणार? ताजा बर्फ जवळजवळ 80 टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. हनुवटीचा खालचा भाग आणि नाकपुड्या भाजलेला माणूस तुम्ही जळगावात पाहिला नसेल. तो आरशात दिसेल. खिशात कांदा असू द्या, इथे तो उन्हाळाभर खिशात असतोच.

उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा म्हणजे कडाच. तुम्ही काळाच धरा. काळ्या मातीतला माणूस निळ्यावर चार वर्षांच्या पोरांबरोबर घसरताना दिसला तर गावात काय तोंड दाखवणार?

विमा व्हिसासाठी लागतोच, किमान 30,000 युरोचा. तो कशाकशाला लागू आहे, हे वाचत बसू नका. केळीच्या विम्यात वारा किती, गारपीट कधी, थंडी किती दिवस, हे आपण ओळ न् ओळ वाचतो. पण ती केळी आहे. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कीइंग वेगळे पैसे भरल्याशिवाय धरत नाहीत, हे हेलिकॉप्टरमध्ये आडवं पडल्यावर वाचायला निवांत वेळ मिळतो.

आईने दिलेलं साजूक तूप बॅगेच्या तळाशी ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. कस्टमवाला बरणी उघडून वास घेईल, तोंडावरून तरी त्याला आवडल्यासारखं वाटेल, आणि मग ती डब्यात टाकेल. शेव सुटते. भाजीचं तिथे बघू.

एवढं सगळं पार पडलं की मुख्य काम. 3454 मीटरवर युंगफ्राउयोखला रेल्वेने जा, मे महिन्यातही तिथे बर्फ असतो. जीन्स सावरत, नाक सोललेलं दिसणार नाही असा एक फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, सगळीकडे पांढरंशुभ्र!

पाच मिनिटांत रावेरहून धाकट्या भावाचा फोटो येईल. त्यातही सगळं पांढरं, मध्ये आडवी झालेली केळी आणि बांधावर बोराएवढ्या गारांचा थर. खाली एकच ओळ : "दादा, तलाठी पंचनाम्याला सातबारा मागतोय, कपाटाची किल्ली कुठे ठेवली?"

किल्ली तुमच्या खिशात आहे. कांद्याशेजारी.