कमी चाललेली गाडी

आमच्या निफाडात डिसेंबरच्या पहाटे पारा किती घसरला याची पेपरात बातमी येते. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला पाऱ्याचं काही पडलं नव्हतं. चर्चा होती माझ्या ट्रकच्या धुराची. सहाला ड्रायव्हर चावी फिरवायचा आणि समोरच्या काकूंचं तुळशीवृंदावन पाच मिनिटं दिसेनासं व्हायचं. "निळसर आहे हो," काकू खोकत खोकत सांगायच्या. त्या पैठण्या विकतात, रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं सिमेंट, विटा, वाळूचं दुकान आहे. छोटा ट्रक २०१९ साली कोरा घेतला आणि पाच वर्षांत तो चालला फक्त ३८,००० किलोमीटर. हा आकडा मी चारचौघांत, स्थळ सांगताना मुलाचा पगार सांगतात तशा आवाजात सांगायचो. एवढ्या किलोमीटरला ट्रकचं इंजिन अजून न्हाणवलेलंसुद्धा नसतं, असं माझं मत. त्यामुळे ड्रायव्हरने पहिल्यांदा "शेठ, गाडी ऑइल खातेय" म्हटलं, तेव्हा मी त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. ऑइल विकता येतं. मग एक महिना ऑइलची पातळी दाखवणारा गेज मी स्वतः काढून पाहिला. आठशे किलोमीटरला एक लिटर! ड्रायव्हरची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्याने मागितली असती तर त्याने पगारवाढ मागितली असती.

निदानाचा पहिला मान मेहुण्याचा. तो मोबाइलवर बघून कशाचंही निदान करतो, माझ्या गुडघ्याचंही त्यानेच केलंय. "दाजी, आधी गळती बघा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाका." टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर एक ओला डाग सापडला. आम्ही तिघे गुडघ्यावर बसून त्याचा वास घेत होतो, तेवढ्यात गल्लीतला कुत्रा आला आणि त्याने शेजारी दुसरा डाग पाडून दाखवला.

म्हणजे ऑइल खाली जात नव्हतं, आत जळत होतं. आता रंगपंचमी सुरू झाली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल, निळा म्हणजे ऑइल, एवढं सगळ्यांना पाठ. पण धूर एकच आणि बघणारे सात, त्यामुळे त्यात राखाडी, करडा आणि "मोरपंखीकडे झुकणारा" असेही पक्ष निघाले. शेवटी काकूंचा निकाल ग्राह्य धरला.

मग नाशिकच्या आडगाव नाक्याजवळचे एक मिस्त्री गाठले. वय साठीच्या पुढे, बोलणं इंडिकेटरइतकं : गरज असेल तेव्हाच. त्यांनी रेडिएटरचं पाणी पाहिलं, त्यावर ऑइलची साय नव्हती. गेजवरचं ऑइल ताकासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी तिकडे गेलेलं नव्हतं. टर्बोचा पाइप सोडून आत बोट फिरवलं, ओल होती, पण जेवढी असायची तेवढीच. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून भक भक भक वाफारे येऊ लागले. झाकण तिथेच उलटं ठेवलं, तर ते चहाच्या किटलीवरच्या झाकणासारखं नाचायला लागलं.

"बॅक कॉम्प्रेशन," मिस्त्री म्हणाले. सिलिंडरातला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटत होता, आणि त्याच वाटेने ऑइल वर जाऊन जळत होतं.

मी आशा सोडली नव्हती. वॉल्व्हचे सील गेले असतील, स्वस्तात भागेल, असं मेहुण्याने फोनवरून सुचवलं होतं. मिस्त्रींनी डिझेल फवारणारे नोझल काढून त्या जागी दाब मोजायचा मीटर लावला. पहिल्या सिलिंडरला २४, दुसऱ्याला २२, चौथ्याला २१ आणि तिसऱ्याला १७. तिसरा नापासच. मग त्यांनी तिसऱ्यात जेमतेम चमचाभर ऑइल सोडलं. जास्त सोडायचं नाही, डिझेल इंजिनात वरची जागा एवढीशी असते, नुसत्या ऑइलनेच दाब वाढलेला दिसतो. काटा २३ वर गेला. ऑइलने फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांचा. वॉल्व्ह गळत असता तर ऑइल टाकून काटा विशेष हललाच नसता. मी आनंदाने म्हणालो, "मग रोज चमचाभर टाकलं तर?" मिस्त्रींनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येत नाही.

हेड उतरवलं. लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या आतल्या भिंतीवर, तिरप्या बारीक रेघांची जाळी असावी लागते, ऑइल त्या रेघांत टिकतं. माझ्या लायनरला आरशासारखी चमक आली होती आणि उभे ओरखडे होते. वरच्या काठाशी नख फिरवलं तर खट्‌कन अडकायचं, इतकी पायरी पडलेली. "धूळ खाल्लीय," मिस्त्री म्हणाले.

"शक्यच नाही. एअर फिल्टर दर रविवारी साफ होतो."

"कोण करतं?"

"मी स्वतः!" मी छाती पुढे काढली. दर रविवारी आंघोळीआधी फिल्टर काढायचा, टायरवर चारही बाजूंनी दणादण आपटायचा, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा आतून-बाहेरून मारायची. पाच वर्षांत एक रविवार चुकवला नाही. बायको म्हणायची, एवढ्या प्रेमाने कधी माळा झाडला असता तर.

मिस्त्रींनी काही न बोलता गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं, मोबाइलचा दिवा लावून फिल्टरच्या पोटात ठेवला. अख्ख्या कागदावर बारीक बारीक भोकं चमकायला लागली. हुबेहूब आकाशकंदील! खालचा रबरी ओठही आपटून आपटून एका बाजूला मुडपला होता. पलीकडच्या पाइपात त्यांनी बोट घातलं, ते पिठात बुडवल्यासारखं बाहेर आलं. सिमेंटवाल्याच्या गाडीत दुसरं काय निघणार!

"पण फिल्टर तुंबला की दाखवणारी ती लाल खूण आहे ना? ती पाच वर्षांत एकदाही लाल झाली नाही."

"कशी होईल? हवेला दार सताड उघडं." मग त्यांनी त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण केलं. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, कारण साचलेली धूळच चाळणीचं काम करते. उगाच उघडायचा नाही, लाल झाला की बदलून टाकायचा. शिवाय चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन धड गरम होत नाही, आणि विटा उतरेपर्यंत तासभर नुसतं चालू. "मीटर किलोमीटर मोजतं. इंजिन तास मोजतं."

हे तासांचं वाक्य मी लगेच ड्रायव्हरला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "आणि शेठ, टायरवर आपटलेलं कोण मोजतं?"

लायनर, पिस्टन, रिंग, बेअरिंग धरून हाफ इंजिनचं बिल ८२,००० झालं. नव्या फिल्टरच्या डब्याला ड्रायव्हरने वरून चिकटपट्टी मारली आणि त्यावर पेनने तारीख घातली. माझ्यावर कुणाचाच विश्वास उरलेला नाही.

परवा रविवारी सवयीने पंक्चरवाल्याकडे गेलो. मला पाहताच पोराने कॉम्प्रेसर चालू केला. "शेठ, फिल्टर कुठंय?"

"आज फक्त चाकांतली हवा बघ," मी म्हणालो.

हवा बरोबर होती. मी त्याला पुन्हा एकदा बघायला लावली. स्टेपनीचीही.