किल्ल्यांची बारभाई

एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या वाटेने, सर्व्हरच्या दारात उभं राहून अजून घसाही खाकरलेला नसतो, तोच आतून आवाज येतो, ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स!’ अहो, पासवर्डचं एक अक्षरसुद्धा मी टाकलेलं नाही. मग इतक्या वेळा चुकलं कोण?

चुकला तो एजंट, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या एसएसएच-किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम. डेस्कटॉपवर लॉगिन करताच हा गडी न बोलावता हजर होतो आणि कमरेला जुडगा खोचतो. सर्व्हर दिसला रे दिसला की एकेक किल्ली पुढे करतो: ही का? बरं, ही? ओपनएसएसएच या नेहमीच्या एसएसएच प्रोग्रामच्या सर्व्हरची ‘मॅक्सऑथट्राइज’, म्हणजे प्रयत्नांची मर्यादा, मुळात 6 वर असते, आणि नाकारलेली प्रत्येक किल्ली त्यात मोजली जाते. सहाव्या नकाराला दार बंद. खरी किल्ली अर्थातच सातवी असते.

यावर उतारा आहे. आपल्या डॉट एसएसएच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत त्या होस्टखाली, म्हणजे सर्व्हरच्या नावाखाली, ‘आयडेंटिटीफाइल’पुढे नेमकी किल्ली लिहायची आणि खालच्या ओळीत ‘आयडेंटिटीजओन्ली यस’, म्हणजे सांगितलेलीच किल्ली दाखव. ही दुसरी ओळ गाळली आणि ती किल्ली एजंटकडे नसली, तर तो आधी स्वतःचा सगळा जुडगा वाजवून घेतो, मग तुमच्याकडे बघतो.

एकच एजंट असता तरी निभावलं असतं. पण इथे बारभाईचा कारभार! पूर्वी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचं कीरिंग, म्हणजे त्याची पासवर्डांची तिजोरी, हे काम बघायचं. 46 व्या आवृत्तीपासून ते काम जीसीआर या ग्नोमच्याच दुसऱ्या घटकाकडे गेलं. डेबियन या लिनक्सचं जुनं एक्ससेशन (डेस्कटॉप सुरू करणारी स्क्रिप्ट) आपला वेगळा एजंट उभा करतं. जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रामच्या ‘जीपीजी-एजंट’ला एसएसएचची परवानगी दिली असेल तर तोही रांगेत. आणि कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, एजंट सुरू करणारी ‘इव्हॅल’ची ओळ चिकटवली असेल, तर दर टर्मिनलमागे एक नवा एजंट जन्माला येतो. टर्मिनल मिटतं, एजंट मागे राहतो.

सगळ्यांची खुर्ची मात्र एकच: चालू एजंटचा पत्ता ठेवणारं ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ हे चल. शेवटी बसेल तो कारभारी. म्हणून काहीही करण्याआधी टर्मिनलात ‘एको’ करून त्यातला पत्ता वाचावा. त्यात ‘कीरिंग’, ‘जीसीआर’ किंवा ‘जीपीजी-एजंट’ दिसलं की आडनाव कळलं. यातलं काहीच न दिसता पत्ता टेम्प फोल्डराखालचा निघाला, तर तो बहुधा ओपनएसएसएचचा स्वतःचा.

जीसीआरचा हट्ट वेगळाच. ‘एसएसएच-ॲड’ या आज्ञेला मोठा डी देऊन सगळ्या किल्ल्या हाकला, लगेच छोटा एल देऊन यादी मागवा: मंडळी जागच्या जागी! डॉट एसएसएच फोल्डरात ज्यांची डॉट पब (सार्वजनिक किल्लीची) फाइल पडलेली असते, त्या तो स्वतःहून यादीत घेतो. किल्ली आणि तिची डॉट पब फाइल अशा त्या जोड्या आतल्या एखाद्या उपफोल्डरात सरकवल्या की यादी आटोपते. (कॉन्फिगमधले पत्ते बदलायला विसरू नका, सगळे विसरतात.)

तोच नको असेल तर सेवा चालू-बंद करणाऱ्या ‘सिस्टमसीटीएल’ला ‘यूझर’ सांगून जीसीआरचं सॉकेट मास्क, म्हणजे पक्कं बंद, करावं. नुसतं डिसेबल केलं तर काही ठिकाणी ते पुन्हा डोकं वर काढतं. मग पूर्ण लॉगआउट करायचं, कारण उघड्या टर्मिनलांना जुनाच पत्ता पाठ असतो. परत आल्यावर एकच एजंट चालू करून यादी मागवली आणि ‘द एजंट हॅज नो आयडेंटिटीज’ असं उत्तर आलं, तर घाबरू नका, पेढे आणा. कारभारी आहे, फक्त कंबर मोकळी आहे.